रिपोर्टवर ‘२२क्यू११.२ डिलीशन’ आलं, आता पुढे काय? खान्देशातल्या आईबापांसाठी

बाळाच्या रक्ताचा रिपोर्ट येतो, गुणसूत्राचा एक तुकडा कमी आहे असं त्यावर लिहिलेलं असतं आणि कुणीतरी सांगून टाकतं, ‘याला औषध नाही.’ हे अर्धंच खरं आहे. गळालेला तुकडा परत बसवता येत नाही. पण त्या तुकड्यामुळे हृदयात, रक्तातल्या कॅल्शियममध्ये, टाळूत, कानात जे बिघडतं त्यातल्या बहुतेक गोष्टींवर उपचार आहेत. ते वेळेवर झाले तर मूल शाळेत जातं, बोलतं, भावंडांशी भांडतं, मोठं होतं. नाव कळण्याचा फायदा हाच की शरीरात कुठे कुठे आधीच बघून ठेवायचं ते समजतं.

माझा मुलगा हे डिलीशन घेऊनच जन्माला आला. आम्ही अमळनेर तालुक्यातले. जळगाव, धुळे, नंदुरबारकडून नव्या आईबापांचे फोन येतात आणि प्रश्न बहुधा तेच असतात, म्हणून क्रमाने लिहिते. मी डॉक्टर नाही. औषधाचा डोस आणि निर्णय तुमच्या डॉक्टरांचाच. त्यांच्यासमोर बसल्यावर काय विचारायचं, ते सुचावं म्हणून हा लेख.

१. आधी रिपोर्ट वाचता यायला हवा

आपल्या प्रत्येक पेशीत ४६ गुणसूत्रं असतात, म्हणजे २३ जोड्या. प्रत्येक गुणसूत्राची एक भुजा आखूड असते, तिला ‘पी’ म्हणतात, आणि एक लांब, ती ‘क्यू’. २२क्यू११.२ म्हणजे बावीस नंबरच्या गुणसूत्राच्या लांब भुजेवरचा ११.२ हा पट्टा. बाळाच्या दोन बावीस नंबरांपैकी एकावर हा पट्टा नाही, दुसरं शाबूत आहे. म्हणून मायक्रोअ‍ॅरेच्या (म्हणजे गुणसूत्रांचे कमी-जास्त झालेले तुकडे दाखवणाऱ्या तपासणीच्या) रिपोर्टात त्या ओळीच्या शेवटी ‘×१’ दिसतं: दोन प्रती हव्या होत्या, एकच आहे. बहुतेक मुलांत हा तुकडा डीएनएच्या साधारण ३० लाख अक्षरांचा असतो आणि त्यात चाळीसच्या वर जनुकं जातात. त्यातलं टीबीएक्स१ हे जनुक हृदय, टाळू आणि गळ्यातल्या ग्रंथींच्या घडणीत महत्त्वाचं आहे.

कंसात दोन लांबलचक आकडे असतात. ते तुकडा कुठून कुठपर्यंत गेला ते सांगतात. दोन लॅबचे आकडे जुळले नाहीत तर घाबरू नका. वर ‘जीआरसीएच ३७’ लिहिलंय की ‘३८’, ते बघा; ती गुणसूत्रांच्या नकाशाची जुनी आणि नवी आवृत्ती. जुन्या उताऱ्यावर सर्व्हे नंबर आणि नव्यावर गट नंबर असतो, जमीन तीच असते, तसंच हे आहे. त्याखाली ‘पॅथोजेनिक’ लिहिलं असेल तर या डिलीशनमुळे आजार होतो हे नक्की. ‘व्हीयूएस’ लिहिलं असेल तर त्या बदलाचा अर्थ अजून ठरलेला नाही. त्याच्या जोरावर कुणी भविष्य सांगू लागलं तर ऐकू नका.

एक गोष्ट ठळक लक्षात ठेवा. साधा कॅरिओटाइप (सूक्ष्मदर्शकाखाली गुणसूत्रं मोजून बघण्याची तपासणी) नॉर्मल आला म्हणजे हे डिलीशन नाही, असं होत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली एवढा बारीक तुकडा सहसा दिसतच नाही. त्यासाठी फिश, एमएलपीए किंवा मायक्रोअ‍ॅरे यांपैकी एक तपासणी लागते. हृदयाचं ऑपरेशन झालेली, नाकातून बोलणारी आणि ‘कॅरिओटाइप नॉर्मल’ एवढ्यावर फाईल बंद झालेली मुलं मी पाहिली आहेत.

जुन्या कागदांवर ‘डायजॉर्ज सिंड्रोम’ किंवा ‘व्हेलोकार्डिओफेशियल सिंड्रोम’ असंही नाव सापडेल. अँजेलो डायजॉर्ज या अमेरिकन डॉक्टरांनी १९६५ मध्ये पहिलं वर्णन केलं, दुसरं नाव १९७८ च्या सुमारास आलं. पुढे १९९० च्या दशकात कळलं की दोन्हींच्या मुळाशी बहुतेक वेळा हेच डिलीशन आहे. साधारण ४००० जन्मांमागे एका बाळात ते असतं, असा नेहमीचा अंदाज आहे. म्हणजे आपल्या तिन्ही जिल्ह्यांत अशी मुलं असणारच. त्यांच्या फाईलवर फक्त ‘हृदयाला छिद्र’ किंवा ‘उशिरा बोलतो’ एवढंच लिहिलेलं असेल.

तुमच्या रिपोर्टवर दुसरा नंबर असेल तर वाचायची रीत हीच, पण पुढची तपासण्यांची यादी वेगळी. ५पी डिलीशन १९६३ मध्ये फ्रान्सच्या जेरोम लेज्यून यांनी दाखवलं. त्यात तान्ह्या बाळाचं रडणं मांजराच्या पिल्लासारखं येतं. ७क्यू११.२३ म्हणजे विल्यम्स सिंड्रोम, त्यात लहानपणी कॅल्शियम वाढू शकतं. आमच्या मुलांत ते घटतं. एकाच्या मुलाला चालणारं कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व दुसऱ्याला बाधू शकतं. म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर कुणी औषधाच्या चिठ्ठीचा फोटो पाठवला तर आधी नंबर जुळवा, आणि जुळला तरी स्वतःच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय थेंबही देऊ नका.

२. हे कशामुळे झालं, आणि घरच्यांना काय सांगायचं

‘काय व्हयनं पोऱ्याले?’ या प्रश्नापाठोपाठ दुसरा प्रश्न येतो, आणि तो जवळजवळ नेहमी बाळाच्या आईकडे बघून विचारला जातो. ग्रहणात विळी हातात घेतली होती का? पपई खाल्ली का? कापूस वेचायला गेली होती का? कानबाईचं काही राहिलं का? यातल्या कशानेही गुणसूत्राचा तुकडा गळत नाही.

खरं कारण असं. बावीस नंबरच्या गुणसूत्रावर या पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना एकमेकांशी फार साम्य असलेले लांब भाग आहेत. स्त्रीबीज किंवा शुक्राणू तयार होताना गुणसूत्रांची देवाणघेवाण होते, तेव्हा हे सारखे भाग चुकून एकमेकांशी जुळतात आणि मधला तुकडा गळतो. कुणाच्याही शरीरात हे होऊ शकतं. शंभरातल्या सुमारे नव्वद मुलांत ते नव्यानेच झालेलं असतं, आईबापांत नसतं.

मामाच्या किंवा आत्याच्या घरात लग्न झालेल्या जोडप्यांना इथे जास्त बोल लागतात. जवळच्या नात्यातल्या लग्नाने काही आनुवंशिक आजारांची शक्यता वाढते, हे खरं आहे. या डिलीशनशी मात्र त्याचा संबंध नाही.

उरलेल्या सुमारे दहा घरांत मात्र आई किंवा वडील यांच्यातच हे डिलीशन असतं आणि त्यांना ते माहीत नसतं, कारण त्यांचा त्रास सौम्य असतो: बोलणं थोडं नाकातून, शाळेत गणित जमलं नाही, कधीतरी बोटं आखडतात. म्हणून दोघांचीही रक्ततपासणी करा. दोघांची, असं मुद्दाम लिहिते आहे. अनेक घरांत फक्त आईचंच रक्त पाठवतात आणि वडिलांचा विषय निघतच नाही. ज्याच्यात डिलीशन सापडेल त्याच्याही हृदयाची, कॅल्शियमची तपासणी व्हायला हवी.

३. निदान झाल्यावर लगेच करायच्या तपासण्या

पहिली हृदयाची. या डिलीशनच्या सुमारे दोन तृतीयांश मुलांत हृदयाचा जन्मजात दोष असतो. फॅलोट टेट्रालॉजी (हृदयातले चार दोष एकत्र), पडद्याला छिद्र, महाधमनीची कमान तुटलेली असणं हे त्यातले नेहमीचे. बाळ गुटगुटीत असलं आणि स्टेथोस्कोपने काही ऐकू आलं नाही तरी एकदा टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) करा, तोही लहान मुलांच्या हृदयरोगतज्ज्ञाकडून. फॅलोट असलेलं बाळ रडता रडता एकदम निळं पडलं, तर त्याचे दोन्ही गुडघे छातीशी दुमडून धरा, शांत करा आणि तसंच दवाखान्यात न्या. एप्रिल-मे महिन्यांत जळगाव-भुसावळकडे पारा ४५ ला टेकतो, तेव्हा अशा बाळाच्या अंगातलं पाणी कमी होऊ देऊ नका. जुलाब-उलट्या झाल्या तर ‘बघू उद्या’ म्हणू नका.

दुसरी कॅल्शियमची, आणि या तपासणीसाठी मी सगळ्यांच्या मागे लागते. गळ्यातल्या थायरॉइडमागे चार छोट्या ग्रंथी असतात, त्या रक्तातलं कॅल्शियम सांभाळतात. आपल्या मुलांत त्या कमकुवत असू शकतात. नवजात बाळाला अचानक आकडी येते, हातपाय थरथरतात. मोठं मूल म्हणतं, ओठांभोवती मुंग्या येतात, बोटं आपोआप आत ओढली जातात. गावात कांदा किंवा चप्पल हुंगवतात, तोंडात चमचा घालतात. तसं काही करू नका. मुलाला कुशीवर वळवा, मान मोकळी ठेवा, घड्याळ बघा आणि दवाखाना गाठा. तिथल्या डॉक्टरांना पहिलं वाक्य हे सांगा: ‘याला २२क्यू११.२ डिलीशन आहे, कॅल्शियम बघा.’ नाहीतर फिटचं औषध सुरू होतं आणि मूळ कारण तसंच राहतं. कॅल्शियमसोबत मॅग्नेशियम, फॉस्फरस, ड जीवनसत्त्व आणि याच ग्रंथींचं पीटीएच हे हार्मोन बघतात. एकदा नॉर्मल आलं म्हणजे काम संपलं असं नाही. वर्षातून एकदा, कोणत्याही ऑपरेशनच्या आधी आणि नंतर, मोठ्या तापात आणि वयात येताना ते पुन्हा बघावं लागतं. मेडिकलमधून स्वतःहून कॅल्शियमची बाटली आणून पाजू नका. जास्त झालं तर मूत्रपिंडात खडे होतात.

तिसरी प्रतिकारशक्तीची. छातीच्या हाडामागे थायमस ग्रंथी असते, तिच्यात जंतूंशी लढणाऱ्या टी पेशी घडतात. आपल्या मुलांत ही ग्रंथी बहुधा लहान असते. ती पूर्णपणे नसणं फार विरळ. त्यामुळे सर्दी-खोकला, कान फुटणं वारंवार होतं आणि बहुतेकांत वयानुसार ते कमी होतं. टी पेशींची मोजणी करून घ्या, कारण लसी आणि रक्त देणं हे दोन्ही तिच्यावर ठरतं.

लसींबद्दल नीट समजून घ्या, इथे दोन्ही बाजूंनी चुका होतात. पोलिओचे थेंब, रोटाव्हायरस, गोवर-रुबेला आणि बीसीजी या जिवंत जंतूंच्या लसी आहेत. टी पेशी फार कमी असतील तर त्या टाळाव्या किंवा पुढे ढकलाव्या लागतात. पेंटाव्हॅलंट आणि पोलिओचं इंजेक्शन यांत जिवंत जंतू नसतात, त्या द्यायच्याच. ‘याला काहीतरी आहे’ एवढ्या कारणावरून सगळंच लसीकरण थांबवलं तर डांग्या खोकला, घटसर्प यांना दार उघडं राहतं. टी पेशींचा रिपोर्ट बघून बालरोगतज्ज्ञाकडून कोणती लस द्यायची आणि कोणती नाही, हे कागदावर लिहून घ्या. तो कागद आशाताई आणि एएनएम सिस्टरना दाखवा, एक झेरॉक्स त्यांच्याकडे ठेवा. पल्स पोलिओच्या रविवारी बूथवर किंवा नंतर घरोघर थेंब पाजणाऱ्या मुलींना तुमच्या बाळाबद्दल काही माहीत नसतं. बीसीजी तर बहुतेकांना जन्मतःच मिळालेली असते. दंडावरची ती जखम चिघळली किंवा डाव्या काखेत गाठ आली तर दाखवून घ्या.

ऑपरेशन ठरलं आणि टी पेशींचं अजून माहीत नसेल, तर रक्त ‘इरॅडिएटेड’ म्हणजे किरणोत्सर्गाने प्रक्रिया केलेलं हवं, हे सर्जनला आठवण करून द्या. रक्तपेढीला त्याची आगाऊ सूचना लागते.

बाकीच्या तपासण्या थोडक्यात: मूत्रपिंडांची सोनोग्राफी, थायरॉइड, कानांची श्रवणतपासणी, टाळूची तपासणी, साधारण चार वर्षांचं झाल्यावर मानेच्या मणक्यांचा एक्स-रे आणि वयात येताना पाठीचा कणा वाकतोय का, ते बघणं. दात किडण्याचं प्रमाण जास्त असतं. हृदयाचा दोष असेल तर दात काढण्याआधी अँटिबायोटिक लागेल का, ते हृदयरोगतज्ज्ञाला विचारा.

४. एक फाईल आणि एक कार्ड

हृदयवाला हृदय बघतो, कानवाला कान. सगळं मूल एकत्र बघणारं कुणीतरी हवं. आपल्याकडे ते काम बहुधा आईबापालाच करावं लागतं. म्हणून एकच फाईल ठेवा, कागद तारखेप्रमाणे लावा आणि जेनेटिक रिपोर्ट सगळ्यांत वर ठेवा. मूळ प्रत घरी, प्रवासात झेरॉक्स, आणि सगळ्यांचे फोटो दोघांच्याही फोनमध्ये.

त्याशिवाय पाकिटात मावेल असं जाड कागदाचं कार्ड करा. त्यावर मुलाचं नाव, रक्तगट, ‘२२क्यू११.२ डिलीशन’, हृदयाचं काय झालंय, फिट आल्यास कॅल्शियम तपासा, जिवंत लसी देण्याआधी विचारा, रक्त द्यायचं झाल्यास इरॅडिएटेड, आणि तुमच्या बालरोगतज्ज्ञांचा फोन नंबर. मूल मामाच्या गावाला गेलं तरी ते कार्ड त्याच्या पिशवीत असू द्या. आजी-आजोबांना इंग्रजी रिपोर्ट वाचता येत नाही, पण कार्ड दाखवता येतं.

५. खान्देशातून कुठे जायचं

सुरुवात जवळून करा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला. त्याची पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा येतात. जन्मजात हृदयदोष, फाटलेली टाळू आणि विकासातला उशीर हे त्यांच्या यादीत आहेत. त्यांच्याकडे नोंद झाली की जिल्ह्याच्या डीईआयसीकडे, म्हणजे शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे, पाठवतात. फिजिओथेरपी, श्रवणतपासणी आणि वाचा-उपचार यांची चौकशी आधी तिथे करा. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही ठिकाणी आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. कॅल्शियम, थायरॉइड, सोनोग्राफी, लसींचा सल्ला एवढ्यासाठी मुंबईला जायची गरज नसते.

मुंबई-पुण्याला जायचं ते जेनेटिक समुपदेशन, मुलांच्या हृदयाचं ऑपरेशन आणि टाळूचं काम यांसाठी. मुंबईत परळला केईएम आणि लहान मुलांचं वाडिया रुग्णालय जवळजवळ आहेत. वांद्र्याला अली यावर जंग ही वाचा आणि श्रवणाची राष्ट्रीय संस्था आहे. नंदुरबार-नवापूरकडच्या लोकांना सुरत जवळ पडतं. पण महात्मा फुले योजना दुसऱ्या राज्यात चालेल असं धरून निघू नका, आयुष्मान कार्डावर तिथलं कोणतं रुग्णालय जोडलेलं आहे ते आधी फोन करून विचारा.

मुंबईची एकच फेरी मारायची असेल तर सगळ्या अपॉइंटमेंटी सलग दोन दिवसांत बसवून मागा. लांबून येतोय म्हटलं की बहुतेक ओपीडी ऐकतात. एका कागदावर तीनच प्रश्न लिहून न्या. दहा लिहिले की महत्त्वाचा राहून जातो.

६. दूध नाकातून येतं, बोलणं नाकातून येतं

टाळूचा मागचा मऊ भाग वर उचलून नाकाची वाट बंद करतो. आपल्या मुलांत तो आखूड किंवा ढिला असतो, किंवा वरची कातडी शाबूत आणि आतला स्नायू फाटलेला असतो. असा दोष तोंडात नुसती बॅटरी मारून पाहिलं तर सहज निसटतो. दूध नाकातून येत असेल तर बाळाला आडवं पाजू नका, बसतं धरून थोडं थोडं पाजा, मध्ये ढेकर काढा. वरचं अन्न सुरू झाल्यावर पातळ पेजेपेक्षा कुस्करलेलं केळं, घट्ट वरण-भात बरा जातो. वजन वाढत नसेल तर वाट बघू नका.

बोलण्याबद्दल थोडं जास्त लिहिते. ही मुलं उशिरा बोलतात, पण समजत बरंच असतं. शब्द येईपर्यंत हातवारे, बोट दाखवणं, चित्रं यांना उत्तेजन द्या, त्याने बोलणं मागे पडत नाही. मग शब्द येऊ लागतात आणि प, ब, ट, ड, क, ग हे उच्चार फुटत नाहीत, कारण त्यांना तोंडात हवा कोंडावी लागते आणि ती नाकातून निसटते. ‘बाबा’ म्हणायला गेलं की ‘मामा’ ऐकू येतं. एका घरी सगळे खूश होते की पोरगी मामालाच हाका मारते. ती दारातून येणाऱ्या बापाकडे बघून हाक मारत होती.

घरी एक साधी चाचणी करता येते. छोटा थंड आरसा मुलाच्या नाकाखाली धरा आणि त्याला ‘पा पा पा’, ‘काका गाडी काढा’ असं म्हणायला लावा. यात म, न, ण नाही, म्हणजे नाकातून हवा यायला नको. आरशावर वाफ धरली तर हवा गळते आहे. याने निदान होत नाही, पण क्लेफ्टचं, म्हणजे फाटलेल्या टाळूचं, काम करणाऱ्या सर्जनकडे आणि स्पीच थेरपिस्टकडे जाण्यासाठी हे कारण पुरेसं आहे.

फुगे फुगवणं, शिट्टी वाजवणं, मेणबत्ती विझवणं या व्यायामांनी टाळूची गळती बंद होत नाही. आपल्याकडे हा सल्ला अजूनही सर्रास मिळतो आणि मुलाची वर्षं त्यात जातात. थेरपीत उच्चाराची जागा शिकवावी लागते, आणि टाळूच आखूड असेल तर ऑपरेशन लागतं. ते बहुधा मूल थोडं बोलू लागल्यावर, टाळूची हालचाल बघून ठरतं. त्याआधी गळ्यातल्या मोठ्या रक्तवाहिन्या नेहमीच्या जागी आहेत का, हे तपासायला सांगा, आपल्या मुलांत त्या मध्याकडे सरकलेल्या असू शकतात. आणि कुणी ‘अ‍ॅडेनॉइड वाढलेत, काढून टाकू’ म्हटलं तर थांबा. नाकामागची ती मांसल गादी कधीकधी आखूड टाळूला टेकू देत असते. ती काढल्यावर बोलणं आणखी नाकात जाऊ शकतं. डिलीशनची माहिती त्या सर्जनला आहे, याची खात्री करूनच पुढे जा.

थेरपीत वस्तूंची नावं प्रमाण मराठीत किंवा हिंदीत असतात आणि घरी अहिराणी चालते. म्हणून काही जण घरची बोलीच बंद करतात. तसं करू नका. आजीशी ज्या बोलीत मूल दिवसभर बोलतं, त्याच बोलीतले प, ब, क चे शब्द थेरपिस्टला लिहून द्या आणि तेच गिरवून घ्या.

७. पैसे आणि दाखले

महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे आणि हृदयाची ऑपरेशनं त्यात बसतात. रेशनकार्डावर बाळाचं नाव नसेल तर तिथेच काम अडतं, म्हणून जन्मदाखला आणि आधार आधी करा.

दिव्यांग प्रमाणपत्र ‘डिलीशन’ या नावाने मिळत नाही. २०१६ च्या कायद्यात २१ प्रकारची दिव्यांगत्वं आहेत, त्यांतल्या बौद्धिक, वाचा-भाषा, श्रवण किंवा विशिष्ट अध्ययन अक्षमता यांपैकी मुलाला जे लागू असेल त्यावर जिल्हा रुग्णालयात तपासणी होते. अर्ज यूडीआयडीच्या (दिव्यांगांच्या ओळखपत्राच्या) पोर्टलवर करायचा. टक्केवारी ४० किंवा जास्त आली की बहुतेक सवलती सुरू होतात. बौद्धिक अक्षमता नोंदली गेली तर राष्ट्रीय न्यासाच्या निरामय विम्यात १ लाख रुपयांपर्यंत खर्च मिळतो, आणि त्यात थेरपीही धरली जाते. नातेवाईक म्हणतील, ‘शिक्का कशाला मारून घेता?’ मी म्हणेन, घ्या. ते कार्ड कुणाच्या कपाळावर लावायचं नसतं.

८. शाळा

ही मुलं पाठांतर करतात, धडा घडाघडा वाचतात, आणि म्हणून गुरुजींना वाटतं की हुशार आहे पण आळशी आहे. वाचलेल्याचा अर्थ लावणं, गणित, घड्याळ, सुट्टे पैसे यांत ती अडतात. गणित वस्तूंनी शिकवा. सूचना एका वेळी एक द्या. पुढच्या बाकावर बसवायला सांगा, कारण ऐकूही कमी येत असू शकतं. दहावी-बारावीला जादा वेळ, लेखनिक अशा सवलती बोर्डाकडून मिळतात, त्यांचे कागद नववीतच तयार ठेवा.

९. पुढचं बाळ

आईबाप दोघांतही डिलीशन नसेल तर पुढच्या खेपेला पुन्हा होण्याची शक्यता शंभरात एक किंवा त्याहून कमी. एकात असेल तर प्रत्येक गरोदरपणी निम्मी. गर्भाची तपासणी ११ ते १३ आठवड्यांत वारेच्या नमुन्यातून किंवा सोळाव्या आठवड्यापासून गर्भजलातून होते. मागताना फिश किंवा मायक्रोअ‍ॅरे असं स्पष्ट मागा, नाहीतर नुसता कॅरिओटाइप होऊन येतो. या तपासण्या नोंदणीकृत केंद्रातच होतात आणि लिंग सांगणं कायद्याने बंद आहे. विसाव्या आठवड्याच्या आसपास गर्भाचा इको जरूर करा. रिपोर्टनंतर काय करायचं, हा निर्णय त्या दोघांचा. सासू-सासरे, शेजारी आणि मीसुद्धा त्यात नाही.

१०. वयात आल्यावर

हे कुणी आधी सांगत नाही, म्हणून स्पष्ट लिहिते. या डिलीशनच्या मुलांत चिंता आणि लक्ष न लागणं लहानपणापासून दिसतं, आणि मोठेपणी साधारण चारांतल्या एकाला स्किझोफ्रेनियासारखा आजार होऊ शकतो. म्हणजे चारांतल्या तिघांना होत नाही. पण झोप उडणं, मित्र तोडणं, उगाच संशय घेणं, एकट्याशी बोलणं असा बदल काही आठवडे दिसत राहिला तर ‘बाहेरचं’ म्हणून भगताकडे नेऊ नका. मानसोपचारतज्ज्ञाकडे जा आणि डिलीशनचा रिपोर्ट दाखवा. लवकर सुरू झालेल्या औषधाने फरक पडतो. रात्रीअपरात्री कुणाशी बोलायचं असेल तर १४४१६ हा सरकारी टेलिमानस क्रमांक मराठीतही उत्तर देतो. सप्तशृंगीला चालत जायचा नवस असेल तर जरूर जा, औषधाची डबी सोबत घ्या.

अठरा पूर्ण झाले की बालरोगतज्ज्ञ सुटतात आणि पुष्कळांच्या तपासण्याही सुटतात. कॅल्शियम, थायरॉइड आणि हृदय आयुष्यभर बघायचं असतं. मुलींच्या बाबतीत बाळंतपणात कॅल्शियम पुन्हा घसरू शकतं. आणि प्रत्येक अपत्याला हे डिलीशन जाण्याची शक्यता निम्मी असते, हे मुलाला किंवा मुलीला स्थळं बघायला सुरुवात होण्याआधी आईबापांनी स्वतः सांगावं, जेनेटिक समुपदेशकासमोर बसून सांगितलं तर आणखी चांगलं. माझा मुलगा अजून त्या वयाचा नाही. पण आपल्याला कोणतं कार्ड दिलंय आणि का, हे त्याला आतापासून माहीत आहे.